अकराशे शब्दांची वही

निरोप समारंभ होता. विभागप्रमुख निवृत्त होत होते आणि त्यांच्याबद्दल इंग्रजीतून दोन मिनिटं बोलायचं काम तिच्याकडे आलं होतं. वय एकोणतीस, शाळा मराठी माध्यमाची, नोकरीतला रोजचा व्यवहार इंग्रजीत. तिनं अर्धं पान लिहून काढलं, पाठ केलं, आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिलं. त्या अर्ध्या पानातल्या तीन शब्दांवर तिचा खास जीव होता.

साहेब वक्तशीरपणासाठी 'नोटोरिअस' आहेत, असं ती म्हणाली. ते निष्ठेचं 'एपिटोम' आहेत, असं म्हणाली. आणि शेवटी, ते आपल्या सगळ्यांच्या 'फुलसम' प्रशंसेला पात्र आहेत, असं म्हणून ती थांबली.

पहिल्या वाक्याला लोक हसले. त्यांना वाटलं, ती मुद्दाम थट्टा करते आहे. दुसऱ्या वाक्यानंतर पुढच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हळूच 'इपिटमी' असं म्हटलं. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण तो शब्द सगळ्यांना ऐकू गेला. तिसऱ्या वाक्याला कुणी काही बोललं नाही. तोवर तिचंच लक्ष कागदावरून उडालं होतं.

दोन आठवड्यांनी ती माझ्याकडे आली. मी प्रौढ विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते. सोबत तिनं एक जाड वही आणली होती. त्यात अकराशेच्या वर इंग्रजी शब्द होते, सुवाच्य अक्षरात, मराठी अर्थासह. तिनं विचारलेला पहिला प्रश्न मला अजून आठवतो : "मॅडम, मला अजून किती शब्द पाठ करावे लागतील?"

हे प्रकरण मी तिच्या परवानगीनं लिहिते आहे. तिची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

वही काय सांगत होती

वही मी दोन दिवस ठेवून घेतली. पानोपानी मेहनत दिसत होती. म्हणूनच ती वाचताना मला वाईट वाटत होतं, कारण एवढ्या कष्टांच्या मानानं तिच्या हाती फार थोडं लागलं होतं.

शब्द वर्णानुक्रमानं होते. कुठल्याशा यादीतून ओळीनं उतरवलेले. त्यामुळे एकाच पानावर सारखे दिसणारे शब्द दाटीवाटीनं बसले होते. ए-बी-ए-टी-ई म्हणजे ओसरणं, जोर कमी होणं. त्याच्याच खाली ए-बी-ई-टी, म्हणजे गुन्ह्यात साथ देणं. देवनागरीत तिनं दोन्हींचा उच्चार 'अबेट' असा लिहिला होता आणि दोन्हींचे अर्थ तिच्या डोक्यात कायमचे एकमेकांत अडकले होते. एकमेकांशी नातं असलेले शब्द एकाच वेळी शिकायला घेतले तर ते एकमेकांना अडवतात, हे टिंकम या संशोधकानं १९९३ मध्ये अर्थानं जवळच्या शब्दांबाबत दाखवलं होतं. रूपानं जवळच्या शब्दांचंही तेच होतं, हा माझा वर्गातला अनुभव. शब्दांची यादी शोधायला सोयीची म्हणून वर्णानुक्रमे असते. तो शिकण्याचा क्रम नव्हे.

दुसरी गोष्ट शोधायला जरा वेळ लागला. 'नोटोरिअस'समोर तिनं 'प्रसिद्ध' एवढंच लिहिलं होतं. मी विचारलं, हा अर्थ कुठून घेतलास? ती घरून जुनी, कच्ची वही घेऊन आली. त्यात लिहिलं होतं : प्रसिद्ध (वाईट अर्थाने). पक्की वही करताना कंस गळला होता. शब्दाचं सगळं मर्म त्या कंसात होतं. मराठीत त्यासाठी 'कुप्रसिद्ध' हा चोख शब्द आहे. तो तिथं आला असता तर वक्तशीरपणाशेजारी बसताना तो तिला टोचला असता.

'फुलसम'समोर 'भरघोस' होतं. इथं दोष तिचा नव्हता. हा शब्द मुळात विपुल, भरपूर अशाच अर्थाचा. पुढे त्याला अतिरेकाचा, खोट्या स्तुतीचा वास चिकटला. आज काही जण तो चांगल्या अर्थानं वापरतात, तर काही जणांच्या कानाला तो तुपकट लागतो. ऐकणारा कोणता अर्थ घेईल याचा भरवसा नसेल, तर तो शब्द ओळखता यावा पण बोलू नये, असं माझं मत आहे. वहीत ही माहिती लिहायला रकानाच नव्हता.

'एपिटोम'चा अर्थ मात्र अचूक होता : मूर्तिमंत उदाहरण. तिनं तो शब्द आयुष्यात कधी ऐकला नव्हता, इतकंच.

तीस शब्दांची चाचणी

वहीतून मी तीस शब्द निवडले आणि प्रत्येकाबद्दल चार गोष्टी विचारल्या. मराठीत अर्थ सांग. मोठ्यानं उच्चार. तुझ्या कामाशी संबंधित एक वाक्य कर. आणि या शब्दाच्या आजूबाजूला सहसा येणारे दोन-तीन शब्द सांग.

अर्थ सत्तावीस शब्दांचे आले. उच्चार बारांचे बरोबर होते. खटकणार नाही असं वाक्य आठ शब्दांचं झालं. सोबतीचे शब्द चारांपुरते सांगता आले. ती पहिल्या आकड्यावर जगत होती आणि अडत होती ती बाकीच्या तीन ठिकाणी.

मग मी तिला काही वाक्यं फक्त ऐकवली. एका वाक्यात 'सटल' हा शब्द आला. ती म्हणाली, हा माहीत नाही. मी स्पेलिंग सांगितलं : एस-यू-बी-टी-एल-ई. तिचा चेहरा बदलला. "हा तर 'सबटल'! सूक्ष्म. मला येतो." तसंच 'इन्डाइट'चं, म्हणजे आरोप ठेवणं या शब्दाचं झालं. ती त्याला 'इन्डिक्ट' म्हणून ओळखत होती. तिच्या मनात एकाच शब्दाची दोन खाती उघडली होती, एक डोळ्यांचं, एक कानांचं, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. चुकीचा उच्चार हा फक्त बोलण्यातला दोष नसतो, ऐकलेलं समजण्यातही तो आडवा येतो. माझ्या दृष्टीनं या चाचणीतून हाती लागलेली ही सर्वांत मोठी गोष्ट.

'सटल'मधलं न उच्चारलं जाणारं 'बी' पाहून तिला राग आला. तो स्वाभाविक होता, म्हणून त्यामागची हकिगत मी सांगितली. 'डाउट', 'डेट' म्हणजे कर्ज, आणि 'सटल' हे शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आले तेव्हा त्यांच्या रुळलेल्या रूपांत 'बी' नव्हतं. पुढे पंडितांनी लॅटिन मूळ दिसावं म्हणून ते स्पेलिंगमध्ये घुसवलं. लोकांनी लिहिताना स्वीकारलं, जिभेवर घेतलं नाही. हे कळल्यावर ते तीन शब्द तिच्याकडून पुन्हा कधी चुकले नाहीत.

पॉल नेशन हे शब्दसंपदेच्या अभ्यासातलं मोठं नाव. शब्द येणं म्हणजे काय याची त्यांनी रूप, अर्थ आणि वापर अशी तीन अंगं केली आणि प्रत्येकाचे तीन भाग पाडले. ऐकू येणारं रूप, लिहिलेलं रूप, शब्दाचे घटक. रूपाला जोडलेला अर्थ, त्यामागची कल्पना, त्याची नाती. व्याकरणातली जागा, सोबतीचे शब्द आणि कुठं वापरावा-वापरू नये याच्या मर्यादा. असे नऊ भाग. तिच्या वहीत दोन होते.

कान आणि जीभ

इथं आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. सुमारे दहा आठवडे.

मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास त्याचा पूर्ण मान देतो. इंग्रजीत शब्दातलं एक सिलॅबल, म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा, जोरात, लांब आणि स्पष्ट येतं, बाकीची दबतात. दबलेल्या ठिकाणी बहुतेक वेळा एक पुसट स्वर उरतो, त्याला श्वा म्हणतात. मजेची गोष्ट अशी की हा स्वर आपल्या 'अ'च्या अगदी जवळचा आहे. म्हणजे मराठी माणसाकडे तो जन्मापासून तयार आहे. अडचण स्पेलिंगची होते. समोर 'ओ' दिसला की आपण 'ओ' म्हणतो, 'ए' दिसला की 'ए' किंवा 'आ'. 'एपिटोम'चं तेच झालं होतं. खरा उच्चार चार सिलॅबलचा : इ-पि-ट-मी, जोर 'पि'वर. अतिशयोक्ती या अर्थाचा शब्द 'हायपरबोल' नव्हे, हाय-पर्-ब-ली, जोर 'पर्'वर. ए-डब्ल्यू-आर-वाय, म्हणजे वाकडं, बिघडलेलं, याला ती 'ऑरी' म्हणत होती. तो अ-राय असा आहे. 'मिसलेड'ला ती 'माइझल्ड' वाचत असे आणि तो 'मिसलीड'चा, म्हणजे दिशाभूल करणं याचा, भूतकाळ आहे हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

एकेक शब्द दुरुस्त करत बसलो असतो तर वर्ष गेलं असतं. म्हणून एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांची कुटुंबं घेतली. फो-ट-ग्राफ, जोर 'फो'वर. फ-टॉ-ग्र-फी, जोर 'टॉ'वर. फो-ट-ग्रॅ-फिक, जोर 'ग्रॅ'वर. जोर सरकला की स्वर बदलतो हे तिनं स्वतःच्या तोंडात अनुभवलं. मग प्रत्ययांची खूण दिली : शेवटी 'इक', 'इटी' किंवा 'शन' असेल तर जोर साधारणपणे त्याच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर पडतो. क्यु-रि-ऑ-सि-टीमध्ये 'ऑ'वर, इग्-झॅ-ज-रे-शनमध्ये 'रे'वर. अपवाद आहेत. 'पॉलिटिक्स'मध्ये जोर सुरुवातीलाच आहे. तरी या एका खुणेनं वहीतले कितीतरी शब्द एकदम जागेवर आले.

व्यंजनांत दोन जागा अवघड गेल्या. आपला 'व' हा इंग्रजीतल्या व्ही आणि डब्ल्यू यांच्या मधे कुठंतरी पडतो. रोजच्या बोलण्यात संदर्भ सांभाळून घेतो, पण प्रगत शब्दांत तसं होत नाही. डब्ल्यू-ए-आर-वाय म्हणजे सावध, साशंक. व्ही-ए-आर-वाय म्हणजे बदलणं. डब्ल्यू-ए-एन-ई म्हणजे ओसरणं. व्ही-ए-आय-एन म्हणजे निष्फळ. या जोड्यांत फरक तेवढ्या एका व्यंजनाचा. डब्ल्यूसाठी ओठ 'ऊ' म्हणताना होतात तसे गोल करून सुरुवात करायची. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे आणि गुणगुण जाणवू द्यायची. ती आरशात पाहून करायची. आरसा इथं खरोखर उपयोगी पडला.

दुसरी जागा झेडची. आपण त्याला 'झ' लिहितो, पण 'झरा' म्हणताना जीभ क्षणभर टाळूला अडते. झेडमध्ये ती अडत नाही. लांब 'सऽऽ' म्हणत राहायचं आणि मधेच कंठातून आवाज सुरू करायचा, जो ध्वनी येतो तो झेड. यासाठी सगळ्यात चांगली जोडी 'झेलस' आणि 'जेलस'. पहिल्याचा अर्थ कार्याविषयी उत्कट, दुसऱ्याचा मत्सरी. गंमत अशी की दोन्ही शब्द एकाच ग्रीक मुळातून आले आहेत, म्हणून दिसायला भावंडं आहेत. कामाच्या मुलाखतीत एकाच्या जागी दुसरा ऐकू गेला तर मात्र माणूसच बदलतो.

उच्चार देवनागरीत लिहावा की नाही, यावर आमचा वाद झाला. मी म्हणत होते, नको. तिचं म्हणणं होतं, त्याशिवाय मला आठवणार नाही. तिचं बरोबर होतं, अर्ध्यापुरतं. देवनागरीत श्वा नेमका दाखवता येतो, पण जोर दिसत नाही, आणि वर सांगितलेल्या दोन 'अबेट'मधला फरक नाहीसा होतो. एकात स्वर लांब आणि सरकता आहे, दुसऱ्यात आखूड. शेवटी असं ठरलं : देवनागरीत सिलॅबल तोडून लिहायचं, जोराचं सिलॅबल अधोरेखित करायचं, आणि शब्दकोशाच्या अ‍ॅपमधलं ध्वनिचिन्ह दाबून तीनदा ऐकल्याशिवाय पेन उचलायचं नाही. उच्चार दाखवणाऱ्या आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीची फक्त दहा चिन्हं शिकवली, जी तिच्या चुकांना पुरत होती. संपूर्ण लिपी शिकवायची गरज वाटली नाही.

'बळावणं' या शब्दापाशी

अर्थाच्या बाबतीत कोंडी फुटली ती इंग्रजीमुळे नव्हे, मराठीमुळे.

तिनं एका वाक्यात लिहिलं होतं की नव्या योजनेनं विक्री 'एक्झॅसर्बेट' झाली. वहीत अर्थ होता 'वाढवणे, तीव्र करणे'. मी सांगून पाहिलं की हा शब्द वाईट गोष्टींसाठी येतो. तिनं मान हलवली, लिहून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात तशीच चूक दुसऱ्या शब्दात केली. नियम म्हणून सांगितलेलं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

तेव्हा मी विचारलं, मराठीत काय काय बळावतं?

ती विचार न करता म्हणाली, "आजार. संशय. दुखणं."

मैत्री बळावते का?

"नाही हो. मैत्री दृढ होते."

विक्री?

ती हसली. मग काही क्षण गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे 'एक्झॅसर्बेट'ला विक्री चालत नाही, कारण तो बळावण्यासारखा आहे."

मी म्हटलं, त्याहून जवळचं म्हणजे चिघळवणं. प्रश्न चिघळतो, जखम चिघळते, वाद चिघळतो. 'बळावणे'चा अर्थ कोशात वाढणं, जोर धरणं असाच मिळेल, पण कुठलाही मराठी माणूस आनंद बळावला असं म्हणणार नाही, आणि हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. शेकडो वेळा आजार आणि संशय यांच्या शेजारी तो शब्द ऐकून त्याला ते कळलेलं असतं. उत्साह मावळतो, राग निवळतो, ताप उतरतो, पूर ओसरतो. कमी होणं सगळीकडे तेच, पण क्रियापदांची अदलाबदल होत नाही. शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा, हे जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञानं १९५७ मध्ये म्हटलं होतं, आणि कोलोकेशन, म्हणजे शब्दांची रूढ सोबत, ही संकल्पना भाषाभ्यासात त्यानंच रुजवली. मला त्याचं वाक्य वर्गात सांगून कधी उपयोग झालेला नाही. 'बळावणं' सांगून झाला.

त्यानंतर प्रत्येक शब्दाला आम्ही हाच प्रश्न विचारला : याची संगत कोण? 'मिटिगेट', 'अलीव्हिएट' आणि 'अमीलिओरेट' हे तिघे वहीत 'कमी करणे, सुधारणे' या एका पाटीखाली झोपले होते. पहिल्याची संगत जोखीम, परिणाम, नुकसान यांच्याशी. दुसऱ्याची वेदना, दारिद्र्य, ताण यांच्याशी. तिसऱ्याची परिस्थितीशी, आणि तो इतका औपचारिक आहे की बोलताना सहसा लागत नाही. खर्च यांपैकी कुणाच्याही घरचा नाही, त्याला साधा 'रिड्यूस' पुरतो. 'युबिक्विटस'चा अर्थ 'सर्वव्यापी', म्हणून तिनं ईश्वरावर वाक्य केलं होतं. मराठी 'सर्वव्यापी' ईश्वराच्या दिशेनं जातो, हे अगदी खरं. पण त्या अर्थासाठी इंग्रजीत 'ऑम्निप्रेझेंट' आहे. 'युबिक्विटस' हा मोबाइल फोन, प्लास्टिक, जाहिरातींचे फलक अशा जिकडेतिकडे दिसणाऱ्या गोष्टींचा शब्द. कोशातला मराठी अर्थ अचूक असूनही शब्द भलत्या दारी नेऊ शकतो, तो असा.

'डिसइंटरेस्टेड'वर ती अडून बसली. तिला वाटत होतं याचा अर्थ 'रस नसलेला'. बरेच इंग्रजी बोलणारेही तसा वापरतात. पण जपून लिहिणारे तो 'स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, निःपक्ष' या अर्थासाठी राखून ठेवतात आणि रस नसलेल्यासाठी 'अनइंटरेस्टेड' वापरतात. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा हवा, दुसऱ्या प्रकारचा नको. हे उदाहरण तिला पटलं.

संस्कृतची किल्ली, आणि तिची मर्यादा

शब्दांचे घटक शिकवताना आपल्याला एक सोय आहे. संस्कृतचे ब्रिटिश अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं असं मांडलं. पुढच्या अभ्यासानं ते नातं पक्कं केलं. इंग्रजीतले प्रगत शब्द मोठ्या प्रमाणावर लॅटिन आणि ग्रीकमधून आलेले, त्यामुळे त्यांची मुळं आपल्याला ओळखीची लागतात. 'इग्नाइट'मध्ये अग्नी, 'डेंटल'मध्ये दंत, 'नॉमिनल'मध्ये नाम, 'नॉव्हिस'मध्ये नव, 'मॉर्टल' आणि 'मॉरिबंड'मध्ये मृत, 'पेडेस्ट्रिअन'मध्ये पद. तिचे डोळे चमकले. एका संध्याकाळी तिनं अशा चाळीस जोड्या काढून आणल्या. त्यातल्या बऱ्याच निव्वळ आवाजाच्या साम्यावर रचलेल्या होत्या. मूळ शोधायचं तर कोशातली व्युत्पत्ती पाहायची, कानावर सोडायचं नाही, हे तेव्हा ठरलं.

शिवाय मूळ म्हणजे अर्थ नव्हे. 'पेडेस्ट्रिअन' विशेषण म्हणून आला की त्याचा अर्थ नीरस, कल्पकता नसलेला असा होतो. 'मटिक्युलस'च्या मुळाशी लॅटिनमधली भीती आहे आणि आज तो बारकाईनं, काटेकोर काम करणाऱ्याचं कौतुक करतो. मूळ लक्षात ठेवायला मदत करतं. वापर मात्र आजच्या वाक्यांतून शिकावा लागतो.

तीन ढीग

ती आधी रोज वीस शब्द घ्यायची. मी आठवड्याला सात सांगितले. तिला ते अपमानास्पद वाटलं, हे तिनं नंतर कबूल केलं.

अकराशे शब्दांचे आम्ही तीन ढीग केले. बोलण्या-लिहिण्यात हवे असलेले, वाचताना कळले तरी पुरे असे, आणि सोडून द्यायचे. पहिल्या ढिगात जेमतेम दोनशे आले. दुसरा सर्वांत मोठा होता. त्यात काही कमीपणा नाही. आपण मराठीत वाचून समजतो ते सगळे शब्द बोलतो कुठं? नेशन यांच्या २००६ च्या अभ्यासानुसार इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र विनाअडथळा वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं ओळखता यावी लागतात. ती घोकून येत नाहीत, भरपूर वाचनातूनच येतात. घोकायचं ते थोडं आणि नेमकं.

आणि जे नेमकं हवं होतं तेच वहीत नव्हतं. दुर्मीळ शब्दांच्या मागे लागून तिनं विचार जोडणारे शब्द वगळले होते. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या भाषासंशोधकांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत शैक्षणिक लेखनात वारंवार येणारी ५७० शब्दकुटुंबं आहेत. त्यांतले 'सब्सिक्वेंट' म्हणजे नंतरचा, 'नन्‌दलेस' म्हणजे तरीही, 'वेअरबाय' म्हणजे ज्यायोगे, 'ऑलबीइट' तिला रोजच्या अहवालात लागत होते. शेवटचा ती 'अल्बाइट' वाचायची. तो ऑल-बी-इट असा, जोर 'बी'वर, अर्थ 'जरी... तरी'च्या जवळचा.

उजळणीत नवीन काही केलं नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की शिकलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहिल्यानं ते जास्त टिकतं. म्हणून एकेका शब्दाचा कार्डाचा पत्ता केला आणि डब्याचे पाच कप्पे. आठवलं तर पत्ता पुढच्या कप्प्यात, तो जास्त दिवसांनी उघडायचा. नाही आठवलं तर पुन्हा पहिल्यात. पुढच्या बाजूला मराठी अर्थ लिहायचा नाही, शब्दाची जागा रिकामी ठेवलेलं पूर्ण वाक्य लिहायचं.

यात माझी एक चूक झाली. प्रत्येक पत्त्यावर मी एकच वाक्य ठेवलं होतं. सहा आठवड्यांत ती वाक्याचा आकार पाहून शब्द सांगू लागली, अर्थाकडे न बघता. वाक्य बदललं की अडायची. मग प्रत्येक शब्दाला तीन वाक्यं केली, त्यातलं एक तिच्या स्वतःच्या कामातलं. दुसरी चूक अधिक गंभीर होती. सुरुवातीच्या आठवड्यांत मी तिचा प्रत्येक उच्चार तिथल्या तिथं दुरुस्त करत होते. महिनाभरानं तिनं सांगितलं की ऑफिसच्या बैठकीत ती आता बोलतच नाही. समारंभातला तो हळूच म्हटलेला शब्द मी दर आठवड्याला तिला पुन्हा ऐकवत होते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्यानंतर मी बोलणं पूर्ण होऊ देत असे आणि शेवटी फक्त दोन शब्द परत म्हणायला सांगत असे. ती बैठकीत पुन्हा बोलू लागायला आणखी महिना गेला.

सात महिन्यांनंतर

पहिल्या ढिगातून नवे तीस शब्द काढून तीच चाचणी घेतली. अर्थ अठ्ठावीस, उच्चार पंचवीस, वाक्यं बावीस, सोबतीचे शब्द एकोणीस. वाक्यांचा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो, कारण ती वाक्यं तिच्या कामातली होती आणि त्यातली काही ती आधीच वापरून आली होती. बोलणं वेगात गेलं की डब्ल्यू अजून व्हीकडे घसरतो. लांब शब्दांत जोर कधीकधी पहिल्या सिलॅबलवर परत जातो.

मधे एक सहकारी नोकरी सोडून गेला तेव्हा तिला पुन्हा चार ओळी लिहायच्या होत्या. मसुदा तिनं मला पाठवला. त्यात 'मटिक्युलस' हा एकच प्रगत शब्द होता, हिशेब तपासण्याच्या संदर्भात, अगदी जागच्या जागी. वक्तशीरपणाबद्दल तिनं साध्या इंग्रजीत लिहिलं होतं की हा माणूस कधी उशिरा आला नाही. एके ठिकाणी 'युबिक्विटस' खोडून 'एव्हरीव्हेअर' केलेलं दिसत होतं. मी काहीही बदललं नाही.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. तिनं विचारलं, "मॅडम, सावध या अर्थाच्या 'वेअरी'नंतर 'ऑफ' येतं ना? मग थकलेला, वैतागलेला या अर्थाचा जो दुसरा आहे, त्याच्यानंतरही 'ऑफ' चालतं का? मला दोन्ही एकाच परिच्छेदात हवे आहेत."

मी म्हटलं, चालतं. पण तो 'विअरी' आहे, स्वर वेगळा. डब्ल्यू मात्र दोन्हीकडे.

फोनवर तिनं दोन्ही शब्द एकापाठोपाठ म्हटले, ओठ गोल करून.